जिज्ञासा बंट करत नाही

व्हिडिओ अकरा सेकंदांचा होता. पहिले चार सेकंद जिज्ञासा भोईर बॅट खांद्यामागे धरून ऐटीत उभी असते. पाचव्या सेकंदाला बॉल येतो, सरळ, छातीच्या उंचीवर, असा की बघणाऱ्याला वाटावं, हा गेला आता अंबरनाथच्या हद्दीबाहेर. सहाव्या सेकंदाला ती एक मोठं पाऊल पुढे टाकून बॅट फिरवते आणि नेमका तेव्हाच बॉलचा विचार बदलतो. तो वाकतो, खाली बसतो आणि निवांत कॅचरच्या हातमोज्यात जाऊन पडतो. उरलेल्या सेकंदांत जिज्ञासा स्वतःभोवती एक गिरकी घेऊन दोन्ही गुडघ्यांवर येते, हेल्मेट डोळ्यांवर उतरतं आणि मागे कुणीतरी पुरुष अगदी मनापासून हसतो.

हसणारा तिचा चुलतभाऊ कल्पेश होता. व्हिडिओ काढणाराही तोच, आणि गावाच्या ग्रुपवर टाकणाराही तोच. वर त्याने लिहिलं होतं, ‘आमची जिज्ञा, होम प्लेटला साष्टांग.’ ग्रुपमध्ये दोनशेबारा माणसं होती. त्यातल्या निदान दीडशे जणांनी हसून रडणारी तोंडं पाठवली. एका काकांनी चुकून हात जोडलेले पाठवले, तेवढेच काय ते सहानुभूतीचे.

गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं. रस्त्यापलीकडे बावीस मजल्यांचे टॉवर, अलीकडे अजून भाताची खाचरं. आणि गाव क्रिकेटचं. टेनिस बॉलच्या सामन्यांना इथे मांडव पडतो, लाउडस्पीकरवर कॉमेंट्री होते, विजेत्याला मोटारसायकल मिळते, गावकीच्या बैठकीत रस्त्याआधी पिचचा विषय निघतो. मुलींसाठीही सोय असते. मांडवामागे खुर्च्या असतात.

म्हणून जिज्ञासाने बेसबॉल धरला. तिच्या अंबरनाथ पश्चिमेच्या शाळेत महेश सर पीटीला आले तेव्हा त्यांनी आठ बॅटी आणि एक गोणीभर हातमोजे आणले होते. सातवीतल्या जिज्ञासाने बॅट हातात घेतली, सरांनी टाकलेला पहिलाच बॉल शाळेच्या टाकीवर मारला, आणि त्या दिवसापासून मांडवामागच्या खुर्च्यांशी तिचा संबंध संपला.

सरळ बॉल कितीही जोरात येऊ दे, ती मारायची. अडचण वाकड्याची होती. पिचर मनगटाला पीळ देऊन जो बॉल सोडतो, जो अर्ध्या वाटेपर्यंत सज्जनासारखा येतो आणि शेवटी बाहेर, खाली कुठेतरी निघून जातो, तो कर्व्ह. गेल्या वर्षी जिल्हा निवडीला दहा बॉल मिळाले होते. त्यातले सहा कर्व्ह होते. सहाही हवेत, त्यातला एक गुडघ्यांवर, व्हिडिओतला तो हाच.

यंदाची निवड मेच्या पहिल्या रविवारी होती. इथून निवडलेल्या मुली शिबिराला आणि तिथून महाराष्ट्राच्या संघात जायच्या. संघ पंधरा वर्षांखालचा, आणि जिज्ञासा ऑगस्टमध्ये पंधरा पुरी करणार होती. म्हणजे पुढच्या वर्षी वगैरे काही नव्हतं. यंदा, नाहीतर नाही.

महेश सरांनी यावर उपाय काढला होता. शिमगा झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिला मैदानाच्या कडेला बसवून समजावलं.

“हे बघ, तू पळतेस किती. पूर्ण ठाणे जिल्ह्यात तुझ्यासारखे पाय नाहीत. मी समितीच्या सरांशी बोललोय. त्यांना पळणारी पोरगी हवीच आहे. तू फक्त बंट कर.”

बंट म्हणजे बॅट आडवी धरायची, बॉल नुसता टेकवायचा आणि बोंबलत पळत सुटायचं. मारायचं नाही.

“दहाच्या दहा?” जिज्ञासाने विचारलं.

“दहाच्या दहा टेकव. नाव शंभर टक्के.”

“आणि संघात गेल्यावर?”

सर खोटं बोलणारे नव्हते, हीच त्यांची पंचाईत होती. “संघात गेल्यावर… तू बेंचवर बसशील. शेवटच्या डावात कुणी दमली, कुणाचा पाय दुखला, की तिच्या जागी पळायला उतरशील.”

“म्हणजे खुर्ची.”

“काय?”

“काही नाही, सर. तुम्हाला माझे पाय पाहिजेत.”

“अगं, पाय तर पाय! त्यांच्यावर महाराष्ट्र तर खेळशील.”

“पायांबरोबर बाकीची पण येईन ना मी,” जिज्ञासा म्हणाली आणि बॅट उचलून स्टेशनच्या दिशेने निघाली. सरांनी मागून दोन हाका मारल्या. तिने ऐकल्या आणि ऐकू आल्या नाहीत अशी चालत राहिली.

घरी पोचेपर्यंत राग पुरता शिजला होता. कर्व्ह शिकायचा तर कुणीतरी कर्व्ह टाकायला हवा. शाळेतल्या पिचर मुलींना तो येत नव्हता. सरांच्या खांद्याचं दुखणं जुनं होतं. आणि मग तिला आठवलं की बॉल वाकवणारा एक माणूस गावात आहे, आणि तो कोण आहे हे आठवून तिला आणखीच राग आला.

कल्पेश सव्वीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो पंचक्रोशीतला सगळ्यात अवघड बॉलर होता. त्याचा टेनिस बॉल हवेत असा काही वळायचा की बॅट्समन आधी खेळायचे आणि नंतर बघायचे. मग गावच्याच कपच्या उपांत्य सामन्यात डोंबिवलीहून आलेल्या अंपायरने सांगितलं की याचा हात कोपरात वाकतो, हा टाकत नाही, फेकतो. आमच्याकडे त्याला बट्टा म्हणतात. एका ओव्हरमध्ये चार नो-बॉल. लाउडस्पीकरवरचा माणूस तर बिनपगारी उत्साही. “आणि आता येत आहेत कल्पेश बट्टेवाले!” असं तो म्हणाला आणि ते नाव गावाने उचललं. त्यानंतर कल्पेशने बॉल हातात धरला नाही. एमआयडीसीत पहिली पाळी करायची, दुपारी यायचं, बाइक पुसायची आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ काढायचे.

तो बाइकच पुसत होता.

“दादा, तुझ्याकडे काम आहे.”

“पैसे नाहीत.”

“बॉल टाकशील? रोज. चार वाजता.”

कल्पेशने फडका थांबवला नाही. “मी टाकत नाही.”

“का?”

“माहीत नाही तुला? सगळ्या गावाला माहीत आहे. मी बट्टा आहे.”

“बट्टाच पाहिजे.”

आता फडका थांबला. जिज्ञासा त्याच्यासमोर उकिडवी बसली. “बेसबॉलमध्ये फेकायचाच असतो, दादा. कोपर वाकवायचं, मनगट पिळायचं, सगळं करायचं. सरळ हाताने टाकलास तर लोक हसतील.”

“येडी समजतेस काय मला?”

“यूट्यूबवर बघ. नाहीतर घाबरलास म्हण. मी ग्रुपवर टाकते, कल्पेश भोईर एका पोरीला बॉल टाकायला घाबरला. दोनशेबारा माणसं आहेत.”

“तू ना,” कल्पेश म्हणाला, “काकीवर गेलीस. तोंड बघ.”

पण चार वाजता तो आला. नवे बूट घालून आला, हे जिज्ञासाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

जागा ठरली पुतळाआत्याच्या मांडवामागचं खाचर. पुतळाआत्या म्हणजे दोघांच्या बापांची थोरली बहीण. उन्हाळ्यात ती कर्जत रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून कलिंगडं विकायची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा जगाला सल्ले द्यायची. सल्ल्यांचा साठा कलिंगडांपेक्षा मोठा होता. भात कधीच निघालं होतं, जमीन टणक झाली होती. कल्पेशने पावलं मोजली, सरांकडून आणलेला लाल शिवणीचा बॉल बोटांत फिरवला, इकडेतिकडे बघितलं, आणि तीन वर्षांनी हात सोडला.

बॉल जिज्ञासाच्या पोटाकडे आला आणि दीड हात बाहेर जाऊन पडला. तिने बॅट फिरवली ती पार दुसरीकडे.

“आई शप्पथ,” कल्पेश स्वतःच म्हणाला. मग खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर जे आलं ते बघायला आत्याही ताडपत्रीखालून बाहेर आली.

पहिले दहा दिवस जिज्ञासाने हवा मारली. कल्पेशला टाकायला येत होतं आणि सांगायलाही येत होतं. त्यातलं टाकणं बरोबर होतं. सांगणं चूक होतं, पण ते त्या वेळी कुणालाच कळलं नाही, कारण गावात लहानपणापासून प्रत्येकाला तेच सांगितलेलं असतं.

“फिरकीला काय करतात? पुढे ये! वळायच्या आधी गाठ त्याला. पाय टाक, जा त्याच्या अंगावर!”

जिज्ञासा पाय टाकायची, बॉलच्या अंगावर जायची. बॉल तिच्या अंगावरून जायचा. खाचराचा दगडी गडगा ओलांडून जाणारे काका थांबून म्हणायचे, “पुढं जा गं, पुढं! अजून पुढं!” बँकेत असलेला शेजारचा हितेश स्कूटर थांबवून सांगायचा, “स्टेप आउट कर, स्टेप आउट.” अख्खं गाव तिला पुढे ढकलत होतं आणि ती दरवेळी थोडी जास्त लवकर चुकत होती. दोनदा गुडघ्यांवर आली. आई रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता तिच्या ढोपरांकडे बघून म्हणाली, “बॉलला मारायला गेली होतीस की नवस फेडायला?”

विनिता, म्हणजे तिची आई, एप्रिलच्या सुरुवातीला पाठीने आजारी पडली. एरवी पहाटे माल उतरवायला आत्याबरोबर तीच असायची. तिच्या जागी जिज्ञासाला जावं लागलं.

मुरबाडहून नाथाकाकाचा टेम्पो उजाडता उजाडता यायचा. कलिंगड उतरवायची एक रीत आहे. टोपलीत भरून उतरवत बसलं तर दुपार होईल. टेम्पोवरचा माणूस एकेक फळ खालच्याकडे फेकतो, खालचा झेलतो, वळतो आणि पेंढ्यावर ठेवतो. फेकणारा झेलणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. नाथाकाकाच्या हातून फळ सुटायचं ते फिरत सुटायचं, कारण तो ते तळव्यावरून लोटायचा. पाच किलोचं फिरतं कलिंगड. आत्या साठीची, ठेंगणी, कमरेला पदर खोचलेली. ती ते असं घ्यायची जसं कुणी चहाचा कप देतंय.

जिज्ञासाने पहिलं घेतलं. दुसरं येताना तिने हात लांब करून, पुढे झेपावून धरायला बघितलं. फळ तिच्या बोटांना लागलं, तळव्यांत एक वळण घेतलं आणि बाजूने निसटून रस्त्यावर फुटलं.

“हाय रे देवा,” नाथाकाका वरून म्हणाला. “गेला.”

तिसरंही तसंच गेलं. मनगट असं मुरगळलं की डोळ्यांत पाणी आलं.

“ए, थांबव रं,” आत्या नाथाकाकाला म्हणाली. मग जिज्ञासाकडे वळली. “पोरी, तू त्याच्याकडं कशाला जातंस?”

“धरायला.”

“त्यो येतंय ना तुज्याकडं? तुज्याकडंच येतंय. दुसरा कुटं जानार हाय? मंग तुला कसली घाई? तू पुढं गेलीस की त्यो कुटं वलतंय त्ये तुला दिसनारच नाय. हुबी ऱ्हा. येऊ दे. पार पोटापरयंत येऊ दे.”

“पण फिरतं ना ते.”

“फिरू दे. डाग बग.”

“कसला डाग?”

आत्याने एक कलिंगड उचलून तिच्या नाकासमोर धरलं. हिरव्या पाठीवर एका बाजूला पिवळट, फिकट चट्टा होता. वेलावर असताना फळ जमिनीला टेकतं तिथला. “ह्यो. ह्यो जिकडं फिरतंय तिकडं त्यो सुटतंय. फल नको बगू, डाग बग. चालीस वरसं काय फला बगून घेतली काय मी?”

नाथाकाकाने पुन्हा सुरू केलं. जिज्ञासा टाचांवर उभी राहिली आणि मनातल्या मनात स्वतःला दाव्याला बांधलं. फळ सुटलं. डाग दिसला, उजवीकडे घसरत गेलेला. हात आपोआप थोडे उजवीकडे गेले, आणि फळ पोटाशी येऊन बसलं. जड, गार, शहाण्या बाळासारखं.

त्या सकाळी तिने साठएक कलिंगडं झेलली. आणखी चार फोडली. फुटलेली आत्याने तिलाच खायला लावली, सगळी, म्हणून ती शाळेत उशिरा पोचली आणि दोन तासांत तीनदा बाहेर जायची परवानगी मागितली.

चार वाजता ती खाचरात बॅट घेऊन उभी राहिली तेव्हा कल्पेश ओरडला, “पुढे ये!”

“नाही.”

“अगं, वळायच्या आधी…”

“दादा, क्रिकेटमध्ये बॉल टप्प्यावर वळतो, म्हणून टप्पा पडला की लगेच गाठायचा. इथे टप्पा आहे कुठे? हा हवेतच वळतो, तोही शेवटी. मी पुढे गेले म्हणजे त्याला वळायला जागा मीच मोकळी करून देते. गावाला सांग, तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त खेळ दुसरा आहे. टाक.”

कल्पेशने टाकला. तिने शिवण बघायचा प्रयत्न केला. लाल शिवण, पांढरं कातडं. फिरणाऱ्या कलिंगडापेक्षा हे कितीतरी लहान आणि कितीतरी घाईचं. काही दिसलं नाही. ती उभी राहिली आणि बॉल निघून गेला.

“बघ! उभीच राहिलीस!”

“हो. पडले तर नाही ना?”

हे एका दिवसात झालं नाही. चार दिवस ती नुसती उभी राहिली, बॅट न फिरवता, आणि कल्पेश टाकेल तो बॉल वळणार की नाही एवढंच ओरडून सांगायची. “सरळ! वाकडा! वाकडा! सरळ!” रस्त्यावरच्या लोकांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. आधी दहात तीन बरोबर यायचे, मग पाच, मग आठ. सरळ बॉलची शिवण धुरकट दिसायची. वाकड्याच्या अंगावर एक लालसर ठिपका उमटायचा आणि तो एका बाजूला घरंगळायचा. एकदा दिसला की मग तो न दिसणं जमेना.

मग ती मारायला लागली, तर उशीर व्हायचा. बॉल बॅटच्या टोकाला लागून बाजूला उडायचे. एक मांडवात शिरला आणि त्याने तीन कलिंगडं एका फटक्यात संपवली. एक गिऱ्हाईक बाई किंचाळून गाडीत जाऊन बसल्या. आत्या बाहेर आली, कमरेवर हात ठेवले. जिज्ञासाला वाटलं, झालं, संपलं खाचर.

“लागला का पन?” आत्याने विचारलं.

“लागला.”

“मंग तोंड पारून काय हुबी? त्याला तिकडंच नेऊ दे. वाकडा येतंय तो वाकडाच जाऊ दे. त्याला सरल करायला तू काय त्याची आई हायस?”

हे मात्र महेश सरांनीही सांगितलं असतं: बाहेर जाणारा बॉल ओढून आणायचा नाही, जातोय तिकडेच, उजव्या बाजूला मारायचा. एवढंच की सरांनी ते कधी तिला सांगितलं नव्हतं, कारण तिने बंट करायचं असं ठरलं होतं.

सर एकदा येऊन बघून गेले. तिने वीसमधले सात वाकडे उजवीकडे मारले. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“चांगलंय,” ते म्हणाले. “खूपच चांगलंय. पण वीसमध्ये सात. निवडीला दहाच मिळतात, जिज्ञासा. आणि टाकायला गेल्या वर्षीचीच संजीवनी आहे. दहाच्या दहा टेकवलेस तर नाव नक्की. मारायला गेलीस तर…”

“तर माझं मी बघेन.”

“नाव नाही लागलं तर?”

जिज्ञासाने कल्पेशला पुढचा बॉल टाकायची खूण केली. तिला महाराष्ट्र खेळायचं होतं, जीव तोडून खेळायचं होतं. फक्त खुर्चीवर बसून नव्हतं खेळायचं.

मेच्या पहिल्या रविवारी अंबरनाथ पश्चिमेच्या मैदानावर चाळीस मुली, त्यांच्या आया, दोन वडापाववाले आणि समितीचे पांढऱ्या टोपीतले एक सर एवढी मंडळी जमली. टोपीवाल्या सरांच्या मांडीवर कागद होता. संजीवनी शहाडची, सतरा वर्षांची, दोन राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, वेणी टोपीच्या मागच्या फटीतून काढलेली. ती कुणाशी बोलत नव्हती. तिचा कर्व्ह तिच्या वतीने बोलायचा. जिज्ञासाच्या आधीच्या अकरा मुलींपैकी चार जणी रडत गेल्या.

कल्पेशने पाळी बदलून घेतली होती. तो जाळीमागे उभा होता, हात खिशात. जिज्ञासा हेल्मेट घालता घालता जाळीपाशी गेली.

“फोन काढ.”

“नको गं. राहू दे.”

“काढ म्हणते ना. दहाच्या दहा काढ. काही झालं तरी ग्रुपवर जाईल.”

पहिला बॉल सरळ आला. तिने तो पिचरच्या डोक्यावरून पार मागे मारला. दुसराही सरळ, तोही गेला. टोपीवाल्या सरांनी मान वर केली नाही. गेल्या वर्षीही तिने सरळ मारले होते.

तिसरा वाकडा. ठिपका दिसला, पण संजीवनीचा ठिपका कल्पेशच्यापेक्षा दुप्पट घाईत होता. बॅट हवेतून गेली. चौथा वाकडा, बॅटच्या वरच्या कडेला लागून मागे जाळीवर. पाचवा सरळ आला, आणि ती वाकड्याची वाट बघत बसलेली, तो डोळ्यांदेखत निघून गेला. कॅचरच्या हातमोज्याचा आवाज मैदानभर झाला.

“जिज्ञासा!” महेश सर कडेने ओरडले. त्यांनी दोन्ही हात आडवे धरून दाखवले. “टेकव! अजून पाच आहेत!”

टोपीवाले सर पहिल्यांदा बोलले, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “बेटा, धावणारी म्हणून तुझं नाव मी लिहिलेलंच आहे. उगीच कशाला हट्ट? एकदोन टेकवून दाखव, पळून दाखव, झालं.”

जिज्ञासाने बॅट आडवी केली नाही. खांद्यामागे नेली.

सहावा वाकडा, हवेत. आयांच्या रांगेतून कुणीतरी “अरेरे” म्हणालं. सातवा वाकडा. हा तिने येऊ दिला, येऊ दिला, पार पोटापर्यंत येऊ दिला आणि मग बॅट सोडली. टक्. जमिनीवरून, पण स्वच्छ, उजव्या बाजूने. आठवा पुन्हा कडेला लागून बाहेर. नववा पुन्हा टक्, पण या वेळी पहिल्या बेसवरच्या मुलीच्या हातातच. म्हणजे वाकड्यांत जमेला एक, फार तर दीड.

“शेवटचा,” टोपीवाले सर म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

संजीवनीने पाय उचलला. बॉल सुटला, छातीच्या उंचीवर, सरळ, सज्जन. जिज्ञासाचे दोन्ही खांदे त्याच्याकडे ओढ घेऊ लागले. मग तो ठिपका दिसला. बाहेरच्या बाजूला घरंगळणारा, खूप घरंगळणारा. ती टाचांवर थांबली. बॅट जागची हलली नाही. बॉल होम प्लेटच्या पांढऱ्या पाटीपासून हातभर बाहेर, धुळीत जाऊन पडला.

मग टोपीवाले सर म्हणाले, “शेवटचा बॉल सोडलास?”

“बाहेर होता, सर.”

“निवड चाललीय. इथे मारायचं असतं.”

“बाहेरचा मारत नाही मी.”

“तू मला शिकवणार आता?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “ठीक आहे. पुढची मुलगी कोण?”

“सर.” आवाज मैदानाच्या मधून आला. संजीवनी हातमोजा काखेत धरून पुढे येत होती. “बाहेरच होता तो. मी मुद्दाम टाकला होता. गेल्या वर्षी ह्याच बॉलवर पडलेली ही. आज सकाळपासून अकरा जणींना टाकला, अकराही जणी गेल्या त्याच्यामागे.” तिने जिज्ञासाकडे आपादमस्तक बघून घेतलं. “बाहेरचा बॉल दहात धरत नाहीत, सर. हिचा एक राहिला.”

“वेळ नाहीये, संजीवनी.”

“एका बॉलला किती वेळ लागतो? मला टाकायचाय.”

टोपीवाल्या सरांनी हात हलवला, चल टाक, संपव, अशा अर्थाने.

संजीवनी परत जागेवर गेली. तिने जिज्ञासाकडे बघून हातमोज्यात बॉल फिरवला आणि काय टाकणार हे न लपवता बोटांची पकड वर धरून दाखवली. वाकडा. घे.

जिज्ञासाने मान हलवली. दे.

तो त्या दिवसातला सगळ्यात चांगला बॉल होता, हे नंतर संजीवनीनेच सांगितलं. उशिरा वळला, खोल बसला, आणि बाहेर गेलाच नाही, होम प्लेटच्या अगदी बाहेरच्या कडेवर येऊन बसायला निघाला. जिज्ञासा त्याच्याकडे गेली नाही. तो आला. कंबर वळली, हात मागून आले, आणि बॅटच्या मधोमध असा काही आवाज झाला की दोन्ही वडापाववाल्यांनी मान वळवली. बॉल पहिल्या बेसवरून, उजव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या डोक्यावरून गेला, एक टप्पा घेतला आणि पार्क केलेल्या स्कूटरींच्या रांगेत घुसला. कुठलीतरी स्कूटर भोंगा वाजवायला लागली.

“पळ!” महेश सर ओरडले. “जिज्ञासा, पळ!”

आयाही ओरडल्या. “अगं पळ ना!” जाळीमागून कल्पेश ओरडला, “जिज्ञा, भाग!”

जिज्ञासा पळाली नाही. बॅट खाली टेकवून तिच्यावर हात ठेवला आणि बॉल कुठे गेला ते शेवटपर्यंत बघत उभी राहिली. मग हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. ती रमत गमत, वाटेत बुटाची नाडी बांधायला थांबून, टोपीवाल्या सरांच्या खुर्चीपाशी आली.

“धावली का नाहीस?” त्यांनी विचारलं.

“ते तुम्ही आधीच लिहिलंय, सर. हे लिहा.”

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग संजीवनीकडे. संजीवनी बॉल शोधायला निघालेल्या मुलीकडे बघत होती, पण हसत होती, आणि ते लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती. सरांनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर खाली ‘धावणारी’ असं लिहिलेल्या ओळीवर एक रेघ ओढली, जरा जास्तच लांब, आणि वरच्या रकान्यात नाव लिहू लागले.

“भोईर ना? जिज्ञासा?”

“हो.”

“बॅटर म्हणून घेतोय. पण वाकड्यात दोनच लागलेत, हे लक्षात ठेव. शिबिरात घाम गाळावा लागेल.”

“गाळीन. बॅटिंगला कितवी?”

“ते तिकडचे कोच ठरवतात.”

“तिसरी चालेल,” जिज्ञासा म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.